पोर्ट ब्लेअर ते डिगलीपूर : अंदमानचा ट्रंक रोड बसने कसा करावा

पुण्यात अजूनही जुनी माणसं कात्रजच्या बाहेरच्या रस्त्याला 'एनएच फोर'च म्हणतात. माझी बसचालकाची सगळी नोकरी त्याच रस्त्यावर झाली. स्वारगेटहून सातारा, कोल्हापूर, निपाणी. २०१० साली देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले, आपला रस्ता ४८ झाला आणि ४ नंबर गेला थेट अंदमानला. पोर्ट ब्लेअरहून उत्तरेकडे डिगलीपूरपर्यंत जाणारा, साधारण सव्वातीनशे किलोमीटरचा अंदमान ट्रंक रोड म्हणजे आजचा एनएच फोर. तिथली माणसं त्याला 'एटीआर' म्हणतात. निवृत्त झाल्यावर सौ.ला घेऊन या रस्त्याने गेलो आणि मग पुन्हा जात राहिलो. आता धनकवडी-सहकारनगरमधलं कुणी अंदमानला निघालं की आमच्याकडे चौकशीला येतं. त्यांना जे सांगतो तेच इथे नीट लिहून ठेवतो. (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकीट काढताना दोन्ही नावं लक्षात असू द्या. मी सवयीने जुनंच लिहितो.)

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपली मंडळी अंदमानात सेल्युलर जेल बघतात, आणि ती बघायलाच हवी. फर्ग्युसनच्या वसतिगृहातली सावरकरांची खोली ज्याने पाहिली आहे, त्याला तिथल्या कोठडीसमोर उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. मग हॅवलॉक, नील ही बेटं, आणि एक दिवस 'बाराटांग', म्हणजे चुनखडीच्या गुहांचं बेट. रात्री तीनला उठवून गाडीत घालतात, संध्याकाळी परत आणतात. या एका दिवसासाठी जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून दोनदा जायचं, गुहेत अर्धा-पाऊण तास काढायचा आणि फोटो काढून परतायचं. माझं म्हणणं, असं जाऊ नका. जायचं तर उत्तरेकडच्या गावांसाठी जा, मुक्काम करत डिगलीपूरपर्यंत जा. तेवढे दिवस नसतील तर हा रस्ता सोडून द्या आणि तो वेळ पोर्ट ब्लेअरमध्ये घाला. आदिवासी दिसतील या आशेने या रस्त्याला लागणं बरोबर नाही, हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगतो.

कधी आणि किती दिवस

जानेवारी ते मार्च सगळ्यात चांगले. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस, त्यानंतर वर्षाअखेरीपर्यंत ईशान्येकडचा. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि पावसात रस्त्याच्या कडा खचतात, झाडं आडवी होतात. कासवं बघायची असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी धरा. फक्त या रस्त्यासाठी आठवडाभर हाताशी ठेवा. पुण्याहून चेन्नई किंवा बंगळुरूमार्गे विमान मिळतं.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा. घड्याळ आपल्याच वेळेचं, पण अंदमान पुण्याच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच लवकर मावळतो. हिवाळ्यात पाच-साडेपाचला अंधारायला लागतं. म्हणून सगळे बेत पहाटेचे करा. दुपारी जेवून आरामात निघू म्हणाल तर पुढचं गाव अंधारातच गाठाल.

बस की टॅक्सी

मी बसचा माणूस आहे, मी बसच सांगणार. पण कारणंही आहेत. टॅक्सीवाला तुम्हाला मिडल स्ट्रेटच्या, म्हणजे बाराटांगच्या अलीकडच्या खाडीच्या, धक्क्यावर उतरवून परत फिरायच्या घाईत असतो. पूर्ण डिगलीपूरची टॅक्सी परवडतही नाही. सरकारी बस पोर्ट ब्लेअरच्या मोहनपुरा स्टँडवरून पहाटे सुटते. खासगी बसही आहेत. रंगत, मायाबंदर, डिगलीपूर अशा वेगवेगळ्या पाट्यांच्या गाड्या असतात, थेट डिगलीपूरला दहा ते बारा तास लागतात. एका दमात जाऊ नका. आरक्षण आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन करा आणि तेव्हाच उद्याची गाडी जिरकाटांगच्या पोलीस नाक्यावर कितीच्या काफिल्यात लागते ते विचारून घ्या.

जागा घेताना मागच्या चाकाच्या पुढची घ्या. रस्ता काही ठिकाणी नवा, गुळगुळीत, तर काही ठिकाणी रुंदीकरणाची नुसती खडी. मागच्या बाकावर बसलेला माणूस रंगतला उतरतो तेव्हा कंबर धरून उतरतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर नाही. मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं प्रत्येकाकडे हवं, लहान मुलांचंसुद्धा.

जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट

पोर्ट ब्लेअरहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर जिरकाटांगचं पोलीस नाकं आहे. इथून पुढे जवळजवळ पन्नास किलोमीटर रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. सुटी गाडी सोडत नाहीत. दिवसातून ठरावीक वेळांना, पहाटे सहापासून, सगळ्या गाड्यांचा काफिला करून पोलिसांच्या सोबतीने सोडतात. काफिला चुकला तर पुढच्याची वाट बघायची, आणि दुपारचा शेवटचा गेला की दुसरा दिवस. खासगी गाडी असेल तर चालक सगळ्यांची ओळखपत्रं घेऊन अर्ज भरतो. टपरीवर चहा, पुरी-भाजी मिळते. खाऊन घ्या, स्वच्छतागृहात जाऊन या. पुढचा दीड-दोन तास गाडी कुणासाठीही थांबणार नाही.

नियम पाटीवर लिहिलेले आहेत : वेग ताशी ४० च्या आत, ओव्हरटेक नाही, थांबणं नाही, फोटो नाही, व्हिडिओ नाही, खायला-प्यायला किंवा कपडे देणं नाही. हे नुसते सूचनाफलक नाहीत. आदिम जमातींच्या संरक्षणाचा कायदा १९५६ चा आहे आणि २०१२ मध्ये त्यातल्या शिक्षा कडक करून तुरुंगवासाची तरतूद वाढवली. पण कायद्याच्या भीतीने नव्हे, समजून पाळा म्हणून थोडं सांगतो.

हा रस्ता १९७० च्या दशकात या जंगलातून कापायला घेतला तेव्हा जारवांना कुणी विचारलं नव्हतं. मजुरांवर बाण सुटले, जीव गेले, काम थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. १९९७ च्या अखेरपर्यंत ते बाहेरच्या माणसांपासून लांबच होते. मग ते रस्त्यावर, वस्त्यांजवळ यायला लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडे लहानपणी गोवर येऊन जातो किंवा लस घेतलेली असते. त्यांच्या अंगात त्या रोगाशी लढायची ताकद पिढ्यान् पिढ्या तयारच झालेली नाही. सगळी जमातच काहीशे माणसांची. तिथे एक साथ म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. मे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव जंगलातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तो चालू राहिला. २०१२ मध्ये खाण्याचं आमिष दाखवून जारवा बायकांना नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला, जगभर संताप झाला, आणि २०१३ च्या सुरुवातीला काही आठवडे पर्यटकांना या रस्त्यावर बंदीही होती. आता ती नाही. म्हणजे आता सगळं आपल्या वागण्यावर आहे.

म्हणून बसमध्ये बसायच्या आधी, जिरकाटांगलाच, एवढं करा. सगळ्यांचे मोबाइल, अगदी मुलांचेही, पिशवीत घालून पिशवी वरच्या रॅकवर ठेवा. हातात राहिला की बोट आपोआप कॅमेऱ्यावर जातं. बिस्किटं, केळी, चिवडा बांधून ठेवा, खिडकीतून काही टाकायचं नाही, सालही नाही. कुणाला सर्दी-खोकला असेल तर प्रवास एक-दोन दिवस पुढे ढकला. मुलांना आधीच सांगा की आपण दुसऱ्याच्या अंगणातून चाललोय. कुणी दिसलं तर हात हलवायचा नाही, ओरडायचं नाही, उठून खिडकीकडे धावायचं नाही. दिसलं नाही तर 'नाहीच दिसले' म्हणून हळहळायचंही नाही. मोठ्यांनी हळहळ केली की मुलं तेच शिकतात.

चालक म्हणून मी या टप्प्यात रस्त्यापेक्षा चालकाकडेच बघत बसतो. पहिल्यांदा गेलो तेव्हाचा आमचा चालक तिशीचा तामीळ पोरगा होता. जिरकाटांगचं फाटक उघडल्यापासून मिडल स्ट्रेटपर्यंत त्याने गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. पुढच्या गाडीपासून सारखंच अंतर, ना जवळ ना लांब. आंधळं वळण आलं की गिअर उतरवायचा, इंजिनाचा आवाज जरा वाढायचा, तेवढाच इशारा. हॉर्नला त्याने हात लावला नाही. एका वळणावर पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट लागले, तसं त्याने मान न वळवता डावा हात मागे करून तळवा खाली दाबला, बसून राहा असा. गाडीतला पोलीसही दोन बाकांच्या मधून मागे जाऊन आला. कुणी काही बोललं नाही. काफिला पुन्हा चालू लागला. कात्रज, खंबाटकी, कुंभार्ली असे घाट मी आयुष्यभर उतरलो, चांगली गाडी हाकणारे पुष्कळ बघितले, पण या पोराइतकी अदबीने गाडी चालवताना मी कुणाला पाहिलं नाही. खासगी गाडी करणार असाल तर चालकाला निघतानाच सांगा : "आम्हाला काही दाखवायचं नाही, सरळ चला." काही चालक जास्तीच्या पैशांच्या आशेने गाडी हळू करतात. तुम्ही आधीच सांगितलंत की तो प्रश्नच मिटतो.

आणि ज्यांना या जंगलातून जायचंच नाही, त्यांच्यासाठी पोर्ट ब्लेअरहून रंगत, मायाबंदर आणि डिगलीपूरजवळच्या एरियल बेला सरकारी बोटी जातात. तिकीट जहाज खात्याच्या खिडकीवर मिळतं. समुद्र लागत नसेल तर हा मार्ग उत्तम, आणि मला विचाराल तर अधिक बरोबरही.

जंगलाबद्दल एक. गर्जनची झाडं सरळ वर गेलेली, पडाऊकचे बुंधे मोठमोठ्या पाख्यांसारखे पसरलेले, वेली अशा दाट की उन्हात चालू असलेल्या रस्त्यावरही सावली. ताम्हिणीच्या रस्त्याने पावसाळ्यात जाणाऱ्यांनाही हे वेगळं वाटेल. ते बघत बसा, तेवढं पुरे आहे.

फेरी

मिडल स्ट्रेटला रस्ता संपतो आणि खाडी लागते. इथे बससकट फेरीवर चढायचं. सगळे प्रवासी उतरतात, चालत जाऊन कडेला उभे राहतात, मग गाड्या येतात. ओहोटीला धक्का आणि फेरी यांच्यातला उतार वाढतो. बसची शेपटी लांब असते, सरळ घातली तर मागचा बंपर घासतो. म्हणून चालक जरा तिरका घेतो, एक चाक आधी, दुसरं मागून. खलाशी समोर उभा राहून नुसत्या बोटांनी सांगत असतो : अजून, अजून, बस. मग चाकाखाली लाकडी ठोकळे. पलीकडे उतरून बसची वाट बघायची आणि आपल्याच बसमध्ये चढायचं. पाटी आणि नंबर बघून ठेवा, दोन गाड्या सारख्या रंगाच्या असतात. हँडबॅग बरोबर घ्या, बाकी सामान गाडीत राहू द्या.

बाराटांग

उतरलात तो निलांबूर धक्का. चुनखडीच्या गुहांसाठी वनखात्याचा परवाना इथेच काढतात, मग छोट्या बोटीने खारफुटीच्या खाडीतून जायचं आणि शेवटी थोडं चालायचं. बोटीतून हात पाण्यात घालू नका, या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. गुहेतले लोंबते खडक हाताळू नका, हाताच्या तेलाने ते काळे पडतात आणि त्यांची वाढ थांबते. चिखलाचा ज्वालामुखीही जवळ आहे. नावावर जाऊ नका, बुडबुडे येणारा चिखल आहे, भूगोलाची आवड असेल तर बघा. बाराटांगला राहण्याची सोय बेताची, पण एक रात्र राहिलात तर संध्याकाळी बोटीने पॅरट आयलंडकडे जाता येतं. अंधार पडायच्या आत पोपटांचे थवेच्या थवे त्या एवढ्याशा बेटावर उतरतात. दिवसाच्या सहलीवाल्यांना हे मिळत नाही, ते तोवर परतीच्या काफिल्यात असतात.

रंगत आणि मायाबंदर

बाराटांगच्या उत्तर टोकाला गांधी घाटावर पूर्वी दुसरी फेरी होती, आता हम्फ्री स्ट्रेटवर आझाद हिंद फौज सेतू आहे, सुमारे दीड किलोमीटर लांब. पलीकडे मध्य अंदमान. इथेही काही अंतर रस्ता राखीव जंगलाच्या कडेने जातो, तेव्हा वर सांगितलेले नियम इथेही तसेच पाळायचे.

मग हळूहळू भाताची खाचरं, सुपारीच्या बागा, केळी लागतात. गावात उतरलात की कानावर बंगाली पडते. १९५० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने इथे जमिनी देऊन वसवलं. गावांची नावं रामायणातली आहेत. रंगतजवळ पंचवटी आहे, शबरी आहे, ऊर्मिलापूर आहे. नाशिकची पंचवटी आपल्या ओळखीची, पण ही पाटी वाचल्यावर सौ.ने बसमध्येच हात जोडले. दुपारच्या जेवणाला मासे-भात, मसूर डाळ. शाकाहारी असाल तर आधी सांगा, भाजी-डाळ-भात करून देतात. भाषेची अडचण नाही, सगळीकडे हिंदी चालते, घरात बंगाली बोलणारा शेजारच्या तमिळ दुकानदाराशी हिंदीतच बोलतो.

रंगतला एक मुक्काम करा. आमकुंजचा किनारा आणि धनीनाला इथली खारफुटीतून जाणारी लाकडी पायवाट या दोन गोष्टी बघा. पायवाट संपते तिथे समुद्र लागतो. मायाबंदरला पुढचा मुक्काम. तिथे वेबी हे करेन लोकांचं गाव आहे. त्यांना १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणलं, जंगलकामासाठी. घरं लाकडी, उंच खांबांवर. करमाटांगचा किनारा लांबलचक आहे आणि बहुतेक वेळा रिकामा. त्याच्यापुढे ऑस्टिन स्ट्रेटवरचा चेंगप्पा पूल ओलांडला की उत्तर अंदमान सुरू.

डिगलीपूर

इथे किमान तीन रात्री हव्यात. राहायला गावातल्या बाजारापेक्षा कालीपूर किनाऱ्याजवळ बघा. कासवांच्या हंगामात रात्री वनखात्याच्या माणसाबरोबरच किनाऱ्यावर जा. चार जातींची कासवं या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, हे फार कमी ठिकाणी घडतं. विजेरी नाही, मोबाइलचा दिवा नाही, बोलणं नाही. उजेड दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरते.

सॅडल पीक ७३२ मीटर, अंदमान-निकोबारमधलं सर्वात उंच शिखर. सिंहगड दर रविवारी चढणाऱ्यांना आकडा छोटा वाटेल. पण सिंहगडाचा पायथा आधीच उंचावर आहे, इथे समुद्राच्या पाण्याजवळून, लमिया बेपासून सुरुवात होते आणि सगळेच्या सगळे ७३२ मीटर चढायचे. जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर, हवा दमट, घाम सुकतच नाही. माणशी तीन लिटर पाणी, वाटाड्या आणि वनखात्याचा परवाना घ्या, उजाडताच निघा. गुडघे दुखत असतील तर पहिला सपाट टप्पा किनाऱ्या-किनाऱ्याने करून परत या, तोही छान आहे.

रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत. बोट एरियल बेच्या धक्क्यावरून, परवाना तिथेच. पोर्ट ब्लेअरसमोरच्या पूर्वीच्या रॉस बेटाशी यांचा संबंध नाही, आरक्षण करताना घोटाळा होतो. वाळूचा पट्टा ओहोटीला उघडा पडतो, भरतीला पाण्याखाली जातो. कोळ्यांना आदल्या संध्याकाळी ओहोटीची वेळ विचारा आणि त्या हिशेबाने बोट ठरवा. शंख, शिंपले, मेलेलं प्रवाळ उचलू नका. विमानतळावर तपासणी होते आणि ते जप्त होतं.

सामान आणि परत

रोख पैसे पुरेसे ठेवा, उत्तरेकडे एटीएमच्या भरवशावर राहू नका. मोबाइलची रेंज गावात येते, मध्ये जाते, म्हणून लॉजचे नंबर कागदावर लिहून घ्या. वाळूतल्या बारीक माश्यांसाठी खोबरेल तेल पायाला चोपडा, चावली तर खाजवू नका, जखम चिघळते. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पातळ रेनकोट, छत्री. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दोन दिवसांपुरती न्या, त्यानंतर तिथलंच खा.

परतताना जंगलातला तोच रस्ता पुन्हा करू नका. आम्ही डिगलीपूरहून बसने रंगतपर्यंत येतो आणि तिथून सरकारी बोटीने हॅवलॉकला. बोट रोज नसते. म्हणून रंगतला जाताना जो मुक्काम करता, तेव्हाच रंगत बेच्या धक्क्यावर वार आणि वेळ विचारून परतीचं तिकीट काढून ठेवा, आणि डिगलीपूरचे दिवस त्या तारखेवरून उलटे मोजून बसवा.